केसांचा मूळ स्वभाव

जून महिन्यांत पाऊस सुरू झाला कीं मुंबईच्या उपनगरांतील लोकल गाड्यांत एक गंमत रोज पाहावयास मिळते. सकाळीं घरीं इस्त्री फिरवून सरळ केलेले केस घेऊन जी तरुणी बोरिवलीस किंवा मुलुंडला गाडींत चढते, तिचे केस दादर येण्यापूर्वींच कानशिलांपाशीं वळूं लागतात. या नित्याच्या त्रासाला कंटाळून पुष्कळजणी एक दिवस पार्लरमध्यें जातात आणि रसायनांच्या साहाय्यानें केस कायमचे सरळ करून घेतात. इसवी सन २००० नंतरच्या कांहीं वर्षांत ही रीत 'रिबॉन्डिंग' या नांवानें आपल्या शहरांत रूढ झाली. पुढें तिच्या जोडीस 'स्मूदनिंग' व 'केराटिन' हे प्रकारहि आले. परंतु उलट वाटेनें निघालेल्या स्त्रियाहि आतां याच अंधेरी-घाटकोपरांत भेटतात. वर्षानुवर्षें सरळ केलेले केस सोडून त्यांना आपले मूळचे कुरळे केस परत हवे असतात. ही परतीची वाट कशी आहे आणि तीवर फसगत कोठें होते, हें समजण्यासाठीं आधीं केसाची घडण पाहिली पाहिजे.

डोक्याच्या त्वचेंत असलेल्या सूक्ष्म कूपिकांतून केस उगवतो. कूपिकेचा आकार व वळण जसें असेल तसा केस सरळ, लाटेसारखा किंवा कुरळा होतो, आणि हें वळण बहुतांशीं आईबापांकडून येतें. त्वचेबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या त्यांत एकमेकींस जोडलेल्या असतात. या जोडांपैकीं कांहीं कच्चे असतात. पाण्यानें वा उष्णतेनें ते सुटतात आणि केस वाळला किंवा थंड झाला कीं पुन्हां बसतात. इस्त्रीचें सारें कौशल्य याच कच्च्या जोडांवर चालतें, आणि पावसाळी हवेंतील दमटपणाहि त्यांनाच सोडवितो. म्हणून सकाळची मेहनत दादरपर्यंत टिकत नाहीं. दुसरे जोड गंधकाचे असतात. ते पक्के असून त्यांना तोडण्यास रसायनच लागतें.

रिबॉन्डिंगमध्यें प्रथम थायोग्लायकोलेट जातीचें रसायन लावून हे गंधकाचे जोड तोडतात, मग तापलेल्या इस्त्रीनें केस सरळ करतात आणि शेवटीं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते जोड नव्या जागीं पक्के बसवितात. अमेरिकेंत आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्यें पिढ्यान् पिढ्या रूढ असलेल्या 'रिलॅक्सर'मध्यें बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा असतो. त्यानें प्रत्येक तुटलेल्या जोडांतील गंधकाचा एक अणु कायमचा निघून जातो. एका रीतीनें सरळ केलेल्या केसांवर दुसरी रीत योजली तर केस हातांत तुटून येतात, तें यामुळेंच. दोहोंची निष्पत्ति एकच : जो भाग एकदां सरळ झाला तो कोणत्याहि तेलानें, लेपानें वा औषधानें पुन्हां कुरळा होत नाहीं. कूपिका मात्र जिवंत असते व तिचें वळण पूर्वीचेंच असतें. तेव्हां परतीची वाट एवढीच कीं, नवा केस उगवूं द्यावा आणि जुना कापून टाकावा.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढचें गणित सोपें होतें. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारें सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर वाढतो. मूळच्या वळणाचे ३० सेंटिमीटर केस हवे असतील तर दोन वर्षें लागणार. ४५ सेंटिमीटर हवे असतील तर तीन. महिन्याभरांत केस पूर्ववत् करण्याचें आश्वासन देणारी बाटली कितीहि महाग असली, तरी हें गणित बदलूं शकत नाहीं.

या काळांत दोन मार्ग संभवतात. चार-सहा बोटें नवे केस आले कीं खालचा सगळा सरळ भाग एकाच दिवशीं कापावा, हा पहिला. त्याला धैर्य लागतें, पण कटकट तेथेंच संपते. दर दोन-तीन महिन्यांनीं थोडे थोडे कापीत जावें, हा दुसरा. यांत लांबी राहते, पण वर कुरळा आणि खालीं सरळ असे एकाच केसाचे दोन स्वभाव सांभाळावे लागतात. या दोहोंचा जेथें सांधा असतो तेथें केस सर्वांत दुबळा असतो व विंचरतांना तेथेंच तुटतो. अर्ध्या वाटेवरून कित्येकजणी पुन्हां पार्लरकडे वळतात, त्या या सांध्याला कंटाळून.

तो सांधा जपणें हें या काळांतील मुख्य काम होय. कोरडे केस विंचरूं नयेत. धुतांना कंडिशनर लावलेलें असतांनाच, रुंद दातांच्या कंगव्यानें, टोकांपासून आरंभ करून मुळांकडे जात गुंता सोडवावा. बारीक दातांची फणी दूर ठेवावी. नवे केस जुन्यांशीं जुळावेत म्हणून रोज इस्त्री फिरविली तर नवेहि बिघडतात. त्यापेक्षां सैल वेणी किंवा अंबाडा बरा. किंचित् ओलसर केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली तर सरळ टोकांनाहि थोडी लाट येते. धुण्यापूर्वीं खोबरेल लावण्याची आजीबाईंची रीत येथें उपयोगी पडते. मुंबईंतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनीं २००३ मध्यें खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून निघून जाणारें प्रथिन त्यांत खोबरेलानेंच लक्षणीय कमी झालें, कारण त्याचे रेणू केसाच्या आंत शिरतात. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेंहि अर्थात् लक्षांत ठेवावें.

पाण्याकडेहि पाहावें. महानगरपालिकेचें तलावांतून येणारें पाणी बरेंच मृदु असतें. पण उपनगरांतील अनेक सोसायट्यांना त्यास कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्याची जोड द्यावी लागते. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बसून केस राठ होतात. अशा वेळीं शेवटचे दोन-चार तांबे तरी नळाच्या पाण्याचे घ्यावेत. दिवसाला ५० ते १०० केस मुळासकट गळणें स्वाभाविक आहे. परंतु डोक्यावर चट्टे पडले किंवा त्वचेची आग होऊं लागली तर त्वचारोगतज्ज्ञास दाखविण्यांत दिरंगाई करूं नये.

ही वाट धरण्यामागें केवळ हौस असते असें नाहीं. 'केराटिन' उपचाराचा परिणाम कांहीं महिन्यांत ओसरतो; पण त्यांतील कित्येक मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेनें फॉर्मल्डिहाइड वायु निघतो, आणि तो माणसांत कर्करोग उत्पन्न करतो असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ मध्यें दिला. त्याऐवजीं आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या लेपानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना तीन वेळां इजा झाल्याची हकीकत २०२४ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें आली. अमेरिकेंतील ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणींत २०२२ मध्यें असें आढळलें कीं, केस सरळ करणारीं रसायनें कधींच न वापरणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा १.६४, तर वर्षांतून चारांहून अधिक वेळां वापरणाऱ्यांना शेंकडा ४.०५ होता. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालें असें नव्हे. तथापि सावध होण्यास तो पुरेसा आहे.

स्त्रीच्या केसांविषयीं निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. १८९० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईंतील न्हावी एकत्र आले आणि विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें तर २०१९ मध्यें, केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरींत वा शाळेंत भेदभाव करण्यास कायद्यानेंच बंदी केली. आज आपल्याकडील बंधन इतकें उघड नसतें. लग्न जुळवितांना कोणी केलेल्या शेऱ्यांत, कचेरींतील एखाद्या सूचनेंत, किंवा "आज विंचरलें नाहींस का गं ?" अशा घरच्या सहज प्रश्नांत तें दडलेलें असतें. वर कुरळे, खालीं सरळ अशा केसांनिशीं दोन वर्षें काढणाऱ्या मुलीला तो प्रश्न रोज ऐकावा लागतो. आईनें, सासूनें, नवऱ्यानें तेवढा तो विचारला नाहीं, तरी तिची अर्धी वाट सोपी होईल. उरलेली अर्धी, महिन्याला सव्वा सेंटिमीटर या गतीनें, केस आपले आपण चालतील.