राऊटरमधील पत्तावही आणि अडखळणारे चित्र

चेन्नईच्या मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेला वेस्ट मांबलम हा दाट वस्तीचा भाग. अयोध्या मंडपाच्या परिसरातील गल्ल्यांत इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तेथे राहणाऱ्या एका मराठी निवृत्तिवेतनधारक ग्राहकांची हयातीच्या दाखल्यासाठीची व्हिडिओ भेट लागोपाठ तीनदा खंडित झाली. रात्री कीर्तन ऐकतानाही चित्र मध्येच थबकत असे. “साहेब, सगळे म्हणतात राऊटरमधलं डीएनएस बदला. बदलू का?” असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक आहे.

आंतरजालावरील प्रत्येक संगणकाचा पत्ता अंकांचा असतो. आपण मात्र नावे टंकित करतो. नावावरून अंक शोधून देणारी जी पत्तावही, तीच डीएनएस अर्थात डोमेन नेम सिस्टिम. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना मांडली. ही पत्तावही कोणाकडे पाहावयाची, याची नोंद घरच्या राऊटरमध्ये असते. सामान्यतः ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीची असते, गूगलची ८.८.८.८ (२००९ पासून) आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ (२०१८ पासून) या सर्वांना खुल्या असलेल्या वह्या होत.

पत्ता शोधण्यास सेकंदाचा अल्पसा अंश लागतो आणि मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते. म्हणून संकेतस्थळ उघडण्यापूर्वीच बराच वेळ जात असेल, तर डीएनएसवर संशय घ्यावा. चित्र सुरू होऊन मध्येच अडखळत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. पत्ता सापडल्यावर पत्रे नेणाऱ्या पोस्टमनचा वेग वहीवर अवलंबून नसतो! याला एक अपवाद आहे. मोठ्या चित्रसेवा आपल्या प्रती अनेक शहरांत ठेवतात आणि विचारणा कोठून आली हे पाहून जवळची प्रत देतात. दूरदेशीची पत्तावही वापरल्यास चेन्नईतील ग्राहकास सिंगापूरची प्रत मिळू शकते. डीएनएस बदलल्याने वेग वाढण्याऐवजी घटतो, तो असा.

मग खरे कारण कसे शोधावे? संगणक तारेने थेट राऊटरला जोडून तेच चित्र पाहावे. ते सुरळीत चालले, तर बाह्य जोडणी ठीक असून दोष वायफायचा आहे. स्पष्ट चित्रासाठी सुमारे ५ मेगाबिट प्रतिसेकंद वेग पुरतो. तो असूनही अडथळा येतो, कारण २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. खेटून उभ्या इमारतींतील डझनभर राऊटर त्यांवरच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा असतो, मात्र भिंतींपुढे तो लवकर दुर्बल होतो. उपरोक्त ग्राहकांचा राऊटर लोखंडी कपाटामागे होता. तो बाहेर काढताच निम्मे काम झाले.

तथापि, राऊटरची नोंद पाहता खरी चिंतेची बाब पुढेच आली. डीएनएसच्या रकान्यात अपरिचित अंक होते. ते पूर्वी एका दुरुस्तीच्या वेळी भरले गेले होते, आणि कोणाचे हे सांगणारे कोणी नव्हते. शिवाय राऊटरचा पासवर्ड मुळातलाच, ‘अ‍ॅडमिन’.

ज्याच्या हाती पत्तावही, तो आपणास खोट्या पत्त्यावर पाठवू शकतो. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेममधील डीएनएस नोंदी गुन्हेगारांनी बदलल्या. नेहमीचे संकेतस्थळ उघडताच ‘अमुक प्रणाली बसवा’ असा संदेश येई आणि ती बसवताच बँकेचे तपशील चोरीस जात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशानुसार भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नावक्षेत्र आले; त्यामुळे मिळतीजुळती बनावट नावे ओळखणे सोपे झाले. परंतु डीएनएसच बदलले असल्यास नाव अचूक दिसूनही स्थळ खोटे असू शकते. अशा वेळी ब्राउझर प्रमाणपत्राविषयी इशारा देतो. तो डावलून पुढे जाणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

तपासणी कठीण नाही. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, टंकित करावा (तो राऊटरच्या तळाशीही छापलेला असतो). डीएनएसची नोंद ‘स्वयंचलित’ करावी अथवा परिचित सेवेचे अंक भरावेत. वॅन आणि डीएचसीपी या दोन्ही ठिकाणी पाहण्यास विसरू नये. व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, दूरस्थ व्यवस्थापन बंद करावे, प्रणाली अद्ययावत करावी आणि उपकरणे एकदा बंद करून पुन्हा सुरू करावीत. पैसे गेल्याचा संशय आल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर दूरध्वनी करावा व आपल्या शाखेस कळवावे.

आमच्या ग्राहकांनी पुढील आठवड्यात चौथ्यांदा व्हिडिओ भेट घेतली. ती चार मिनिटांत पूर्ण झाली.