पडद्यावरचा डॉक्टर आणि गावातला दवाखाना

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील गाव. पूर्णा आणि नांदेडच्या मधले रेल्वे स्टेशन. कागदावर जिल्हा परभणी. पण दुखणे वाढले की जवळ पडते म्हणून वाट नांदेडची. ज्याच्या दारात मोटारसायकल आणि खिशात पैसा आहे, त्याला हे अंतर काहीच वाटत नाही. पण दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या बाईला डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून नांदेड गाठायचे, तर तिचा रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. म्हणून ती जात नाही, दुखणे अंगावर काढते. अंगावर काढलेला रक्तदाब मग एखाद्या दिवशी लकव्याच्या रूपाने सारे घर आडवे करतो.

अशा गावांसाठी टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवरच्या डॉक्टरने फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून दिलेला सल्ला, हे वरदान आहे असे सांगितले जाते. वरदान हा शब्द आपण बाजूला ठेवू. वर मागावा लागतो, तो मिळाला तर मिळतो. आरोग्याचे तसे नाही. संविधानाच्या कलम ४७ ने जनतेचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा प्रश्न एवढाच, की या यंत्राने ते कर्तव्य पार पडते, की टाळले जाते?

कल्पना जुनी आहे. २००१ पासून इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जिल्हा रुग्णालये जोडण्याचा प्रयोग झाला. पण तो रुग्णालयांपुरता राहिला, खेड्यात आला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने उपकेंद्रांपर्यंत पोहोचणारी ‘ई-संजीवनी’ सुरू केली. कोरोनाच्या टाळेबंदीत, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले आणि १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या सल्ल्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. सरकारी आकडेवारीप्रमाणे त्यांत निम्म्याहून अधिक लाभार्थी स्त्रिया आहेत. सेवेला पैसे लागत नाहीत. ही गोष्ट लहान नाही, ती मान्य केलीच पाहिजे.

पण घरबसल्या म्हणजे कोणाच्या घरी बसून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या ग्रामीण स्त्रिया शंभरात पंचवीसही भरल्या नाहीत. मोबाईल घरात असला तरी तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. म्हणून चुडाव्यासारख्या गावातल्या मजूर बाईसाठी खरा मार्ग उपकेंद्राचा आहे. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा सपाट प्रदेशाचा निकष आहे. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतो, साखर तपासतो, पडद्यावरून डॉक्टरला जोडून देतो आणि सांगितलेली गोळी तेथेच हातात ठेवतो. रक्तदाब, मधुमेह, त्वचेचे विकार, मनाचे आजार, ज्यांत पुन:पुन्हा विचारपूस लागते अशा दुखण्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. दर महिन्याचा एक रोज वाचला, तरी गरिबाच्या घरात तो दिसतो.

आता आपल्या समाजाने विचारलाच पाहिजे असा प्रश्न. पडद्यावरचा डॉक्टर जात बघत नाही, असे म्हणतात. धरून चालू. पण पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही, पायाची सूज चाचपता येत नाही. ते काम त्याच्या वतीने गावातला हात करतो. गावातला हात कोणाला लागतो आणि कोणाला टाळतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. गुजरात आणि राजस्थानच्या खेड्यांतील दलित मुलांच्या आरोग्यसेवेचा डॉ. संघमित्रा आचार्य यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देताना स्पर्श टाळणे, घरात पाऊल न ठेवणे हे प्रकार त्यात नोंदले आहेत. चुडाव्यात असेच घडते असा आरोप येथे नाही. पण ज्यांना शतकानुशतके स्पर्श नाकारला गेला, त्यांच्या वाट्याला स्पर्शाविना उपचार येणार असतील, तर तपासणारा हात कोणाचा आणि तो वस्तीपर्यंत येतो का, हे विचारावेच लागेल.

दुसरी गोष्ट. पडदा डॉक्टर निर्माण करीत नाही, असलेला डॉक्टर वाटून देतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. साऱ्या भागाचा भार एका रुग्णालयावर पडला की काय होते, हे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. खालची केंद्रे रिकामी ठेवून वरच्या डॉक्टरांपुढे पडदा ठेवला, तर भार कमी होत नाही, फक्त रांग दिसेनाशी होते. आणि साप चावला, बाळंतपण अडले, तर पडदा काय करणार? तेथे सर्पदंशावरचे प्रतिविष हवे, नर्स हवी, रात्री चालणारी रुग्णवाहिका हवी.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती, की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. गरिबाचे आरोग्य हा गरिबाचा खासगी खर्च नव्हे, हाच त्याचा अर्थ.

म्हणून मागण्या साध्या आहेत. उपकेंद्रातील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील पदे आधी भरा, पडदा नंतर लावा. कंत्राटावर राबणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम करा. शेतावरून मजूर परततो त्या संध्याकाळच्या वेळी सेवा सुरू ठेवा. पडद्यावर लिहिलेली गोळी त्याच केंद्रात मिळालीच पाहिजे, नाही तर तो सल्ला औषध दुकानाची चिठ्ठी ठरतो.

आणि एक काम आपले आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते. तिच्यात आपल्या वस्तीतील किती बाया आहेत, हे पाहा. ग्रामसभेत उठून विचारा: महिन्यात पडद्यावरून किती रुग्ण पाहिले, किती जणांना औषध मिळाले, किती जणांना पुढे पाठविले आणि त्यांचे काय झाले? उत्तर तोंडी नको, लेखी मागा. चुडाव्यातून एकदा असा अर्ज गेला, तर पूर्णा तालुक्यातील बाकीच्या गावांनाही तो लिहिता येईल.