विश्लेषण : लिहिणाऱ्यांना लिहिणाऱ्यांची सोबत का लागते? ती मिळते कुठे?

लिखाण हे एकट्याने करायचे काम, असे म्हटले जाते. मात्र मराठीतल्या अनेक महत्त्वाच्या लेखकांच्या मागे चार-सहा जणांचा एखादा अड्डा, मंडळ किंवा सायक्लोस्टाइल केलेला अंक सापडतो. आज व्हॉट्सअॅपच्या एका समूहात 1,024 जण सामावतात, तरीही ‘माझे लिखाण कोणी नीट वाचतच नाही’ ही तक्रार संपलेली नाही. असे का होते?

रविवारच्या चहातून काय निघाले?

1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. दर रविवारी चहाच्या निमित्ताने काही मित्र जमत, कविता वाचत, त्यांवर चर्चा करत. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही त्यातली ठळक नावे. नाट्यछटाकार दिवाकरही या मंडळात होते. गप्पांवर न थांबता मंडळाने त्याच वर्षी ‘किरण’ हा संग्रह काढला. यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायनातून कविता सभागृहांपर्यंत नेली.

मंडळावर टीकाही भरपूर झाली. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने (1925) या कवींच्या लकबींची यथेच्छ टिंगल केली. एकमेकांना दाद देता देता लकबीही एकसारख्या होऊ लागतात, हा धोका प्रत्येक अड्ड्याला असतो. गायनाचा आणखी एक तोटा आहे. सुरेल गळा कच्ची ओळ झाकतो. म्हणून कविता ऐकणाऱ्यांच्या हातात तिची प्रतही असलेली बरी.

दार बंद असेल तर?

सोबतीचा प्रश्न इथे केवळ स्नेहाचा राहत नाही. लोकहितवादी आणि न्या. रानडे यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची सुरुवात तीच मानली जाते. 1885 च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी मात्र पत्राने नाकारले. सर्वांना माणूस म्हणून हक्क देण्याचा विचार जे करत नाहीत, त्यांच्या सभा आणि पुस्तके आमच्या उपयोगाची नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा नकार मागे सोडून पुढे वेगळी बैठक उभी राहायला बराच काळ गेला. 1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ सुरू झाले. या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावेही भरवले, ही बाब छापलेल्या पानांइतकीच महत्त्वाची. खेड्यातून किंवा झोपडपट्टीतून आलेल्या नवख्या मुलाला आपली भाषा ‘अशुद्ध’ न ठरवणारा वाचक समोर बसलेला दिसणे, हे त्याने पुढे लिहिते राहण्यासाठी फार मोठे कारण असते.

लघुअनियतकालिकांनी काय वेगळे केले?

पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ काढले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ असे अंक आले. पैसे खिशातले, छपाई परवडेल तशी, वाटप मित्रांकडून. 1969 मध्ये तर या वर्तुळातल्या तरुणांनी ‘सत्यकथा’ची होळी केली. तिच्या अभिरुचीचे राज्य त्यांना अमान्य होते.

यातली एक गुंतागुंत नजरेआड होते. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करणारे, कथा पुन्हा लिहून मागणारे संपादक होते. त्यांच्या निवडीवर राग असू शकतो, पण हस्तलिखित मन लावून वाचणारा माणूस तिथे होता. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले. तेवढ्या बारकाईने परत पाठवलेले हस्तलिखित आज फार थोड्यांच्या वाट्याला येते. ती जागा आता मित्रांनाच भरून काढावी लागते.

कोलटकरांचे टेबल काय सांगते?

मुंबईत काळा घोडा परिसरातल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात अरुण कोलटकर गुरुवारी दुपारी मित्रांसोबत बसत. ते बंद झाल्यावर बैठक ‘मिलिटरी कॅफे’त हलली. कोलटकर प्रकाशनाच्या बाबतीत कमालीचे निवांत. 1932 चा जन्म, आणि पहिला मराठी संग्रह आला 1977 मध्ये, शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’तर्फे. त्याआधी, 1976 मध्ये, त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ प्रसिद्ध झाली ती ‘क्लिअरिंग हाउस’कडून. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या कवींनीच मिळून ते उभे केले होते. मोठा प्रकाशक दारात येईल याची वाट न पाहता कवींनी एकमेकांची पुस्तके काढली.

2004 मध्ये कोलटकर गंभीर आजारी होते. त्याच वर्षी, सप्टेंबरमधील त्यांच्या निधनाआधी, ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’ ही पुस्तके निघाली. मागे राहिलेल्या कविता मेहरोत्रा यांनी नंतर संपादित केल्या. ‘भिजकी वही’ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हता. मित्र नसते तर यातले किती कागद कपाटातच राहिले असते, याचा हिशेब मांडता येत नाही.

आज असा गट शोधायचा कुठे?

महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ या जुन्या संस्था. त्यांच्या किंवा त्यांच्या शाखांच्या कार्यक्रमांत भाषणे अधिक आणि हस्तलिखितावरची चर्चा कमी असू शकते. पण मागच्या रांगेत वही घेऊन बसलेले दोघे-तिघे हमखास भेटतात. गट त्यांच्याशीच जमतो. गावातले सार्वजनिक वाचनालय ही दुसरी जागा. ग्रंथपालांना विचारले, तर महिन्यातून एक संध्याकाळ खोली मिळू शकते, आणि गावात आणखी कोण लिहिते हेही त्यांनाच ठाऊक असते.

रात्री स्वयंपाकघर आवरल्यावरच मोकळ्या होणाऱ्या स्त्रियांना किंवा परदेशातल्या मराठी लेखकांना ठरलेल्या वारी व्हिडिओ कॉल सोयीचा. अट एकच, वार आणि वेळ बदलायची नाही.

सावध कधी व्हायचे? ‘प्रातिनिधिक संग्रहा’त कविता घेण्यासाठी आधी पैसे किंवा अमुक प्रती घेण्याची हमी मागितली, की तो व्यवहार समजावा. रोज नव्या विषयावर स्पर्धा आणि प्रत्येकाला सन्मानपत्र, हाही प्रकार तसाच. सन्मानपत्राला कोणाचाच विरोध नसतो, पण त्यावर ‘तिसरा परिच्छेद काढून टाका’ असे कोणी लिहीत नाही.

बैठकीत नेमके करायचे काय?

पाच ते आठ जण पुरे. एका बैठकीत दोघांचेच लिखाण, आणि तेही अपुरे असले तरी चालेल. मजकूर दोन दिवस आधी पाठवावा. मराठी माणसाचा भिडस्तपणा इथे आडवा येतो. ‘छान झालंय’ म्हणून चहा मागवला जातो. त्याऐवजी प्रत्येकाने एवढेच सांगावे : कुठे लक्ष उडाले, कुठे पुन्हा मागे जाऊन वाचावे लागले, कोणते पात्र किंवा ओळ आठवत राहिली. ‘मी असतो तर असे लिहिले असते’ हे वाक्य टाळावे. तोवर लेखकाने खुलासा करू नये, नुसते टिपून घ्यावे. खुलासा करावासा वाटला ती जागा बहुधा कागदावर कच्ची असते.

आणि सगळेच एकमेकांवर खूश असतील, तर वर्षातून एकदा गटाबाहेरचा, वेगळ्या गावातला किंवा वेगळ्या बोलीचा वाचक बोलवावा. चहा मात्र त्याला वाचून झाल्यावरच द्यावा.