जोडणी चुकली तर…

सायटोक्रोम सी ऑक्सिडेज (कॉम्प्लेक्स ४)

• काम : श्वसनसाखळीच्या शेवटी ऑक्सिजनपासून पाणी बनवणे.

• सुटे भाग : माणसात १४ प्रथिने. गाभ्यातली ३ मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. उरलेली ११ केंद्रकातल्या जनुकांवरून, पेशीद्रवात तयार होऊन आत येतात.

• जोडणारे : सर्फ-१, स्को-१, स्को-२ अशी मदतनीस प्रथिने. स्को जोडी तांबे बसवायला मदत करते. तयार विकरात मात्र यांपैकी एकही नसते!

• बिघाड : सर्फ-१ निकामी झाल्यास पूर्ण जुळलेले विकर कमी पडते. परिणाम : ली सिंड्रोम. बहुधा बालपणीच मेंदूच्या खोल भागांना इजा. आजाराचे पहिले वर्णन १९५१; सर्फ-१चा दोष उघड १९९८. इतर अनेक जनुकांतील दोषांमुळेही हाच आजार होतो.

• वारसा : आई-वडील दोघेही सर्फ-१ दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत धोका २५ टक्के.