पडणारा माणूस

चित्रापुढं उभं राहिलं की आपण आधी चेहरा शोधतो. डोळे ओले दिसले की दुःख, ओठ हसरे दिसले की आनंद. मीही बरीच वर्षं असाच पाहत होतो. तय्यब मेहता यांच्या चित्रांनी माझी ही सवय मोडली.

मेहता यांचा जन्म 1925 मधला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. 1947 च्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाच्या हातून मरताना पाहिलं. त्यानंतर ते तापानं आजारी पडले. ते दृश्य पुढं आयुष्यभर आपल्याबरोबर राहिलं, असं ते सांगत.

पण त्यांनी तो रस्ता रंगवला नाही, जमावही नाही. 1965 च्या सुमारास त्यांच्या चित्रांत एक माणूस आला : पडणारा माणूस. डोकं खाली, पाय वर, हात कशाला तरी धरू पाहणारे. धरायला मात्र काही नाही. पायाखाली जमीनच नाही. 1968 मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. 1969 पासून त्यांच्या चित्रांत एक तिरपी रेघ आली. ती कॅनव्हास चिरत जाते आणि माणसाचे अवयव दुभंगतात. रंग सपाट, सावली नाही, खोली नाही. त्यामुळं आपली नजर त्या शरीरावरच खिळून राहते. हा माणूस कोण, कुठला, कोणत्या जमातीचा, हे चित्र सांगत नाही. त्याचा तोल गेला आहे, एवढंच सांगतं. भीती म्हणजे दुसरं काय असतं?

मला हे पटलं त्याला घरचं कारण आहे. जानेवारी 1993 मध्ये आमच्या मोहल्ल्यात संचारबंदी होती. अब्बा दाराकडं तोंड करून बसायचे. एक खांदा वर उचललेला, हाताच्या मुठी आवळलेल्या. चेहरा मात्र शांत. विचारलं तर म्हणायचे, ‘‘काही नाही रे, चहा ठेवायला सांग.’’ संचारबंदी उठली, दुकानं उघडली. अब्बांचा तो खांदा काही खाली आला नाही.

मी त्यावर कविता लिहिली होती. तिच्यात ‘भीती’ हा शब्द चार वेळा आला होता. पुढं एका पुस्तकात मेहतांचा पडणारा माणूस पाहिला आणि घरी येऊन तो शब्द चारही ठिकाणी खोडला. खांदा तेवढा ठेवला.

तुम्हीही एक करून पाहा. चित्रातल्या माणसाचा चेहरा अंगठ्यानं झाका आणि मग त्याची मान, पाठ, बोटं पाहा. न सांगितलेलं बरंच काही तिथं असतं. घरातल्या माणसांकडंही कधी तसं पाहावं. अब्बांकडं मी तसं उशिरा पाहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)