वायफाय आहे, पण रेंज नाही?

ताईंनो, गटाच्या नोंदी, मुलांचे फॉर्म, गिऱ्हाइकाचे पैसे, आता सगळं मोबाईलवर आलंय. घरात वायफाय असूनही स्वयंपाकघरात गेलं की नेट अडतं, असं बऱ्याच जणी सांगतात. आधी दोष कुठे आहे ते शोधू या.

मोबाईल घेऊन राऊटरच्या अगदी जवळ उभ्या राहा. तिथेही नेट चालत नसेल, तर राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. तरी नाहीच, आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा दिसतोय? मग दोष बहुतेक लाईनचा. तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा.

जवळ चालतं, लांब अडतं? मग दोष जागेचा. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी यांनी लहरी अडतात. राऊटर घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे नको.

यादीत आपल्या वायफायची दोन नावं दिसत असतील, तर लांबच्या खोलीत ‘५जी’ न लिहिलेलं निवडा. त्याचा वेग कमी, पण ते भिंतीपलीकडे जास्त पोचतं. हे ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाईलचं ५जी नव्हे.

आणि हप्ता भरताना नेट गेलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका! आधी ॲपमध्ये व्यवहाराची नोंद आणि खात्यातली शिल्लक बघा. दोनदा गेलेले पैसे परत मिळवायला हेलपाटे आपल्यालाच पडतात.