चकली, जिना आणि मळसूत्र

गोल जिन्याला इंग्रजीत ‘स्पायरल स्टेअरकेस’ म्हणतात. गणिती मात्र त्याला ‘हेलिक्स’ म्हणेल. स्पायरलचे प्रत्येक वळण केंद्रापासून दूर जाते, ताटातल्या चकलीसारखे. हेलिक्स अक्षापासूनचे अंतर राखून फिरत फिरत पुढे सरकतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. हेलिकॉप्टरच्या नावातही हाच ग्रीक हेलिक्स आहे.

अनुवादात घोटाळा होतो तो इथेच. स्पायरलसाठी आपण ‘सर्पिल’ रूढ केला. ‘सर्पिल दीर्घिका’ म्हणतो. पण १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेली डीएनएची रचना हेलिक्सची. तिलाही ‘सर्पिल’ म्हटले, की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चपटी चकली येते. शिवाय सर्प म्हणताच आपल्याला आठवते ती नागमोडी वाट. ती तर ‘सर्पेंटाइन’: डावीउजवीकडे वळते, वेटोळे घालत नाही.

हेलिक्सला ‘मळसूत्र’च म्हणावे, असे मला वाटते, शब्द जुना आहे आणि आकार नेमका सांगतो. ‘ट्विस्ट’ला पीळ आहेच. दोरीला पीळ दिला, की तिचा प्रत्येक पदर मळसूत्री होतो. ‘कॉइल’ मात्र दोन्हीकडे चालतो: डासांची चपटी, स्प्रिंगची उभी. तिथे आपले वेटोळेही तितकेच सैल आहे.